जपानच्या हॉटेलात कामाला जायचंय, कामापुरतं जपानी कसं शिकावं?

तवागरम

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालाय. सध्या मुंबई-आग्रा हायवेवरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये तंदूर सोडून बाकी सगळं बघतो. जपानला रेस्टॉरंटच्या कामाला जायचं पक्कं केलंय, तोकुतेइ गिनो म्हणजे स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसावर. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन५ पातळी झाली, तिच्यावरची एन४ डिसेंबरात देतोय.

क्लास कॉलेज रोडला आहे. बाई मन लावून शिकवतात, तक्रार नाही. पण गाडी अजून 'तानाका-सान बँकेत काम करतात'वरच आहे. परवा यूट्यूबवर एका इझाकायाच्या, म्हणजे तिकडच्या दारू-खाण्याच्या हॉटेलच्या, किचनचा व्हिडिओ पाहिला. आतली माणसं एकमेकांवर काय ओरडत होती, त्यातलं 'हाय' (म्हणजे हो) सोडून मला काही म्हणजे काही कळलं नाही. असा मी तिथे जाऊन करणार काय?

तिथे काम केलेलं कुणी असेल तर सांगा. नेमकं काय पाठ करू, काय ऐकू, काय सोडून देऊ? मुलाखत व्हिडिओवर होणार आहे, तीही डोक्यावर आहे.

गोदाकाठ

+१. भाचा याच वाटेवर आहे, म्हणून वाचतेय. जपान फाउंडेशनचा 'इरोदोरी' कोर्स फुकट आहे, आवाजाच्या फायलींसकट उतरवून घेता येतो. त्यात तानाका-सान बँकेत नाहीत, दुकानात, कामावर, दवाखान्यात आहेत. एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे धडे हिंदीतही आहेत. बाकी जाणकार सांगतीलच.

खानसामा

ओसाकात इझाकायाच्या किचनला होतो, आता नाशिकरोडला परत आलोय. जरा सविस्तर लिहितो.

आधी परीक्षेचं. एन४ असो की जेएफटी-बेसिक (जपान फाउंडेशनची संगणकावरची परीक्षा), दोन्हींत तोंड उघडायचं कामच नाही. एन४ला १८० पैकी ९० मिळाले की पास, त्यातल्या ऐकण्याच्या भागाला ६० पैकी १९ पुरतात. जेएफटीला २५० पैकी २००. सगळे पर्याय टिचकायचे. म्हणजे कागदावर पास झालेला पोरगा किचनमध्ये मुका उभा राहू शकतो. परीक्षा द्यायचीच आहे, ती व्हिसाची अट आहे. पण ती म्हणजे कामाची तयारी असं धरू नकोस.

किचनमध्ये कुणी वाक्यं बोलत नाही. आरोळ्या असतात, आणि त्या ठरलेल्या असतात. पाठीमागून कुणी जाणार असेल तर 'उशिरो तोओरिमास'. गरम भांडं हातात असेल तर 'आत्सुइ देस', सुरी घेऊन चालला असेल तर 'होओच्यो तोओरिमास'. हे म्हणायला लाजलास की कुणाच्या तरी अंगावर तेल सांडणार. संध्याकाळी पाचला कामावर आलास तरी 'ओहायो गोझाइमास' (शुभ सकाळ)च म्हणायचं, सकाळ-संध्याकाळ बघायची नाही. निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे तुमच्याआधी निघतो, माफ करा. बाकीच्यांनी तुला 'ओत्सुकारेसामा' म्हटलं की तुझा दिवस संपला.

मग जागांची नावं. आराइबा म्हणजे भांडी घासायची जागा, नवा माणूस बहुतेक तिथूनच सुरू होतो. आगेबा तळणीची, याकिबा भाजणीची. शिकोमि म्हणजे आधीची तयारी, कापणं-चिरणं-मुरवणं. माकानाइ म्हणजे स्टाफचं जेवण, हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही, पोट शिकवतं. तयार ताटल्या ज्या फळीवर येतात ती देश्याप्पु.

आता खरी गोम आकड्यांत. क्लासमध्ये इचि-नि-सान (एक-दोन-तीन) घोकतात, पण ऑर्डर येते ती हितोत्सु-फुतात्सु मोजणीत. तीन म्हणजे मित्त्सु, सहा म्हणजे मुत्त्सु. चार योत्त्सु, आठ यात्त्सु. दुप्पट झालं की फक्त स्वर बदलतो, आणि एक्झॉस्ट घरघरत असताना तो स्वर ऐकू येत नाही. चार कारागे (तळलेलं चिकन) सांगितले आणि आठ तळले, हे रोजचं. म्हणून तिथे पद्धत आहे: ऑर्डर ऐकली की जशीच्या तशी परत ओरडायची. 'कारागे योत्त्सु!' 'हाय, कारागे योत्त्सु!' चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे कुणीतरी दुरुस्त करतो.

आणि नुसतं 'हाय' कधीच म्हणायचं नाही. आपल्याकडे शेफ काही बोलला की 'हो शेफ' म्हणून सुटायची सवय असते, मग बाजूच्याला विचारायचं काय म्हणाला. तिथे हाय म्हटलं की समोरचा धरून चालतो काम होणार, आणि वळून बघत नाही. कळलं नाही तर 'सुमिमासेन, मोओ इचिदो ओनेगाइ शिमास', म्हणजे माफ करा, परत एकदा सांगा. चारदा विचारलं म्हणून कुणी घरी पाठवत नाही. कळलं असं दाखवून उलटं केलं की मात्र चेहरे बदलतात.

सातपूरकर

एवढं सगळं करून तिथे भांडीच घासायची ना? मग अंबडला कंपनीत काय वाईट आहे, घरचं जेवण तरी मिळतं.

खानसामा

भाऊ, भांडी मीही घासली, लाज कसली. या व्हिसावर पगार त्याच कामाच्या जपानी माणसापेक्षा कमी देता येत नाही, तसा नियमच आहे. ज्याला जायचंय त्याला जाऊ दे की.

उमे

नाशिकमध्ये जपानी शिकवते. तवागरमच्या बाई मी नाही, आधीच सांगते :)

खानसामा यांचं बरंचसं पटलं, पण 'आरोळ्या पाठ केल्या की झालं' असं कुणी वाचू नये. व्याकरण नको म्हणणाऱ्या मुलांना मी एकच उदाहरण देते. 'सुतेते' म्हणजे टाकून दे. 'सुतेनाइदे' म्हणजे टाकू नकोस. मधला 'नाइ' कानावर पडला नाही तर सकाळपासून उकळत ठेवलेलं सूप मोरीत जाईल. तसंच 'सावात्ते' आणि 'सावारानाइदे', हात लाव आणि हात लावू नकोस. क्रियापदाचं ते-रूप आणि नाइ-रूप झोपेत विचारलं तरी यायला हवं. ते एन४च्या अभ्यासातच आहे, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

दुसरं, किचनची भाषा आणि हॉलची भाषा यांत जमीन-अस्मानाचा फरक. आत साधी, तुटक, कधी कधी रांगडीसुद्धा. बाहेर गिऱ्हाइकासमोर सगळं आदरार्थी. 'कळलं' म्हणायला 'वाकारिमाश्ता' किचनमध्ये चालतं, टेबलापाशी 'काशिकोमारिमाश्ता' म्हणावं लागतं. मुलगा किचनचा असला तरी गर्दीच्या वेळी बाहेर ढकलतातच, तेव्हा पाच-सात वाक्यं तोंडात तयार हवीत.

उच्चारांचं म्हणाल तर मराठी मुलांची चांदी आहे. उत्तरेकडच्या मुलांना 'त्सु' जड जातो. तुम्ही 'चमचा'तला च म्हणा आणि त्याला उ लावा, झालं काम. चूक होते ती लांबीत. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. गिऱ्हाईक इमारत मागवत नाही हे वेटरला कळतं, पण सगळीकडे अशी दया मिळेलच असं नाही.

तवागरम

बाई, खानसामा भाऊ, दोघांचेही आभार. आज रात्रीच्या शिफ्टला कांदा कापताना मनात 'मित्त्सु-मुत्त्सु' चालू होतं, बाजूचा म्हणाला मंत्र म्हणतोस का.

एक शंका. मी सगळं देवनागरीत लिहून पाठ करतोय. क्लासमधला एक जण म्हणतो, रोमन अक्षरांत लिही. कोणतं बरोबर?

गोदाकाठ

देवनागरीच. रोमनमध्ये वाचलं की आपोआप इंग्रजी हेल येतो. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ तरी कळतं.

उमे

दोन्ही नको. पहिले काही दिवस देवनागरी ठीक, मग थेट काना, म्हणजे जपानी अक्षरं. मेनूकार्ड कोण देवनागरीत छापून देणार आहे? आणि त्यातला काताकाना (परदेशी शब्दांसाठीची लिपी) आधी पक्का करा, हिरागाना (मूळ जपानी शब्दांसाठीची) नंतर आला तरी निभावतं. ऑर्डरच्या चिठ्ठीवर निम्मा मजकूर काताकानाच असतो.

खानसामा

बाई, हिरागाना नंतर हे काही पटलं नाही. चिठ्ठीचं खरं आहे, पण भिंतीवरच्या सूचना, हात कसे धुवायचे, काय कुठे ठेवायचं, ते सगळं हिरागाना आणि कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत. काताकाना येतो म्हणून बर्गर होईल, हात नाही धुतले जाणार.

उमे

बरं, दोन्ही बरोबरीने. यावर भांडत बसलो तर धागा शंभरी गाठेल.

खानसामा

कांजीवरून आठवलं, हे जरा नीट वाच तवागरम. लिहिता नाही आली तरी चालेल, ओळखता आली पाहिजेत अशी थोडीच आहेत, पण ती जिवावरची आहेत.

फ्रिजला रेइझो आणि डीप फ्रीझरला रेइतो म्हणतात. दोन्हींचं पहिलं अक्षर एकच, थंड या अर्थाचं. दारावर दुसरं अक्षर बघायचं, नाहीतर रात्री ताजी कोथिंबीर फ्रीझरमध्ये जाते आणि सकाळी काळी होऊन निघते. मिठाचं अक्षर शिओ. तेच अक्षर एन्सो, म्हणजे क्लोरीन, या शब्दाच्या सुरुवातीला येतं आणि ते ब्लीचच्या बाटलीवर असतं. मीठ म्हणून अर्धं वाचून हात घालू नकोस. त्याच बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'माझेरुना किकेन' असतं: दुसऱ्या कशात मिसळू नका, धोका आहे. अॅसिडच्या क्लीनरमध्ये ते पडलं तर विषारी वायू सुटतो. आराइबावर पहिल्याच दिवशी या बाटल्यांशी गाठ पडते.

आणि तारखा! शिकोमि करून डब्यावर चिकटपट्टी लावतात, तिच्यावर १०/१२ असं लिहिलेलं असतं. आपण वाचतो दहा डिसेंबर. ती असते बारा ऑक्टोबर. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. पाकिटावर वर्षासकट असेल तर वर्ष सगळ्यात आधी. त्यातही 'शोओमि किगेन' म्हणजे तोवर चव चांगली, आणि 'शोओहि किगेन' म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. ऐकायला जुळ्या बहिणी, पण दुसरीची तारीख उलटली की माल फेकायचा, चर्चा नाही.

तुझ्या कौशल्य परीक्षेतही याच गोष्टी येतात. अन्नसेवेच्या परीक्षेचे तीन भाग असतात: स्वच्छता, स्वयंपाक, गिऱ्हाईक सांभाळणं. पुस्तक जपानच्या फूडसर्व्हिस असोसिएशनच्या साइटवर फुकट मिळतं. जपानमध्ये जून २०२१ पासून सगळ्या खाद्यव्यवसायांना हॅसप (अन्नसुरक्षेची ठरलेली पद्धत) सक्तीचं आहे, त्यामुळे फ्रिजचं तापमान लिहिणं वगैरे नुसती दाखवण्याची गोष्ट नाही. फ्रिज १० अंश किंवा खाली, फ्रीझर उणे १५ किंवा खाली, पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश निदान एक मिनिट. हे आकडे जपानीत म्हणायला शीक, म्हणजे परीक्षा आणि नोकरी दोन्हीकडे उपयोगी. आणखी एक, हसू नका, पण केन्बेन हा शब्द माहीत हवा. शौचाच्या नमुन्याची तपासणी. किचनच्या माणसांना ती ठरावीक काळाने द्यावी लागते. छोटी डबी हातात देतात आणि समजावून सांगतात, तेव्हा चेहरा सरळ ठेव.

मनमाडची_पोर

मी हॉलमध्ये होते, फॅमिली रेस्टॉरंटला. तिथलं थोडं सांगते, कारण मुली बहुतेक तिकडेच लावतात.

सुरुवात सोपी असते. 'इराश्शाइमासे' (या, स्वागत), मग 'नान्मेइसामा देस का', किती जण. उत्तर बोटांनीही देतात. बसवलं की ओशिबोरि आणि ओहिया, म्हणजे ओला रुमाल आणि पाणी. ओहिया हा शब्द क्लासमध्ये कुणी सांगितला नव्हता, तिथे पाण्याला सगळे तेच म्हणायचे. ऑर्डर घेतली की 'गोच्यूमोन ओ काकुनिन इताशिमास' म्हणून सगळी परत वाचून दाखवायची, हे वर आलंच आहे. पेल्यांची मोजणी आणखी वेगळी, इप्पाइ, निहाइ, साम्बाइ. ही यादी आहे तशी पाठ करा, तर्क लावायला जाऊ नका.

माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली ती अॅलर्जीच्या प्रश्नांनी. गिऱ्हाईक विचारतं, यात अमुक आहे का, आणि तिथे अंदाजाने उत्तर देणं म्हणजे एखाद्याला थेट दवाखान्यात पाठवणं. जपानमध्ये पाकिटबंद पदार्थांवर सक्तीने छापायच्या यादीतली ही आठ नावं आधी पाठ करा: एबि कोळंबी, कानि खेकडा, कुरुमि अक्रोड, कोमुगि गहू, सोबा म्हणजे कुट्टूच्या जातीचं धान्य, तामागो अंडं, न्यू दूध, राक्कासेइ शेंगदाणा. अक्रोड २०२३ मध्ये यादीत आला. आपण प्रत्येक भाजीत मूठभर कूट घालणारी माणसं, शेंगदाण्याने कुणाचा जीव जाऊ शकतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. गहू तर सोयासॉसमध्येही असतो. म्हणून स्वतः 'नाही' म्हणायचंच नाही. 'काकुनिन शिते मायरिमास, शोओशोओ ओमाचि कुदासाइ', म्हणजे विचारून येते, जरा थांबा. हे एक वाक्य तोंडात घोळवून ठेवा.

फोनवर बुकिंग घेणं सगळ्यात शेवटी जमतं. समोर तोंड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. तिथे एकला इचि आणि सातला शिचि म्हटलं की घोळ होतो, म्हणून सात नेहमी 'नाना' म्हणायचं. पण सात वाजता मात्र शिचिजि असतं, मग मी 'गोगो शिचिजि, नानाजि देस ने' (संध्याकाळी सात ना) असं दोन्ही म्हणून टाकायचे. व्याकरणाच्या बाईंना चालणार नाही कदाचित.

उमे

चालतं चालतं. जपानी लोकसुद्धा तसंच करतात.

तवागरम

वाचनखूण साठवली. आता जरा नाजूक प्रश्न. घरी माळकरी आहेत. मुलाखतीत गोमांस-डुकराबद्दल विचारतात म्हणे. खोटं बोलायचं नाही, पण नोकरीही हवी. काय सांगू?

खानसामा

विचारतात, आणि विचारलेलं चांगलं. 'ग्यूनिकु' आणि 'बुतानिकु' हे शब्द ऐकले की दचकू नकोस. हात लावशील का, शिजवशील का, चव घेशील का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं आधी घरी ठरव, मग जपानीत. हात लावीन पण खाणार नाही, असं स्पष्ट सांगणाऱ्याला मालक घेतात. काही नाहीही घेत. तिकडे पोचून सांगितलं तर दोघांचीही पंचाईत. एक लक्षात ठेव, नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. दाशि म्हणजे मुळातला रस्सा बहुतेक सुक्या माशाचा असतो, तो जवळजवळ सगळ्यात पडतो. माकानाइमध्येही. भात, अंडं, तोफू यांवर दिवस काढायची तयारी ठेव, किंवा खोलीवर स्वतः रांध.

आईसाहेब

मुलगी जायचं म्हणतेय, म्हणून विचारते. एजंट तीन लाख मागतोय. त्यात 'स्टुडंट व्हिसावर जा, तिथे हॉटेलात काम मिळेल' असंही म्हणतो. भाषा नंतर होईल म्हणे. काय करावं?

गोदाकाठ

ताई, थांबा. स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. त्यात फी आणि राहणं भागवणं अवघड. ते शिक्षण आहे, नोकरी नाही.

आणि आपल्या कायद्यात नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर आहे का ते पैसे देण्याआधी बघा. क्लासची फी, तिकीट, परीक्षा यांचे आकडे वेगळे लिहून मागा. जो वेगळे लिहून देत नाही त्याच्याशी चहासुद्धा पिऊ नका.

खानसामा

यात एक भर. जपान सरकार प्रत्येक क्षेत्रासाठी माणसांची वरची मर्यादा ठरवतं. ती भरत आली की नवी भरती थांबवू शकतात. अन्नसेवेत आत्ता दार उघडं आहे का, हे त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर बघूनच पैसे बाहेर काढा. आणि या पहिल्या टप्प्याच्या व्हिसावर एकूण पाच वर्षं मिळतात, नवरा-बायको-पोरं नेता येत नाहीत. दुसऱ्या टप्प्याला नेता येतात, पण अन्नसेवेच्या क्षेत्रात त्यासाठी एन३ (एन४च्या वरची पातळी) लागतो. ज्याला तिकडे टिकायचंय त्याने एन४ला थांबू नये.

आईसाहेब

आभारी आहे. एजंटला उद्याच हिशेब लिहून मागते. मुलीला उमेताईंकडे धाडावं म्हणते, व्यनि (खासगी निरोप) करते.

सातपूरकर

बरीच नवी माहिती मिळाली. भांडीवाली प्रतिक्रिया मागे घेतो. अवांतर: शेवटी जपानला गेलेल्या माणसाला मिसळ कुठे मिळते?

मनमाडची_पोर

मिळत नाही. मसाला घरून न्यायचा, मटकी खोलीवर मोड आणायची. फरसाणाला पर्याय सापडलेला नाही.

तवागरम

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. क्लास चालूच ठेवतो, ते-रूप आणि नाइ-रूप या आठवड्यात पक्कं. आरोळ्या मोबाइलवर माझ्याच आवाजात भरल्यात, त्यावर मिक्सरचा आवाज लावून ऐकतो, म्हणजे एक्झॉस्टची सवय होईल. कामावरच्या डब्यांवर मीच आता महिना आधी लिहायला लागलो होतो, पण मॅनेजर ओरडला, तर ते वहीत.

फक्त समोर ओरडणारं माणूस नाही. घरी आईला 'कारागे योत्त्सु' म्हणायला लावलं, ती 'काय रे मेल्या' म्हणाली.

खानसामा

रविवारी दुपारी मोकळा असतो. उमेबाईंची जागा असेल तर तासभर ऑर्डर ओरडायला येतो. तू परत ओरडायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

उमे

जागा आहे, गंगापूर रोडला. शेजारी तक्रार करतील, पण बघू. हॉलचा सराव मनमाडच्या ताईंनी घेतला तर दोन्ही बाजू होतील. पत्ता व्यनि करते.

मनमाडची_पोर

येते. अॅलर्जीवालं गिऱ्हाईक मी होणार, आधीच सांगून ठेवते. आणि मी फार त्रास देणारं गिऱ्हाईक असते.